बोट आली की गाव थांबतं: डुलुथमधले चार दिवस

गेल्या सप्टेंबरात धाकट्या भावाकडे मिनियापोलिसला गेले होते. न्यूयॉर्क, नायगारा वगैरे मागच्या खेपेला झालं होतं, त्यामुळे या वेळी केदारला आधीच सांगून ठेवलं की बाबा रे मला मोठं शहर नको, जिथे माणसं फुटपाथवर भेटतील असं काहीतरी दाखव. तो म्हणाला, "ताई, मग डुलुथला जाऊया. तुला आवडेल, तिथे ओअर आहे." त्याला वाटलं विनोद केला. आमचं सगळं लहानपण गोव्यात वास्कोला गेलं, बाबा मुरगावच्या धक्क्यावर टॅली क्लार्क, म्हणजे मालाची मोजदाद ठेवणारे, होते, त्यामुळे ओअर, म्हणजे कच्चं लोहखनिज, हा शब्द आम्ही बाराखडीच्या आधी शिकलोय. दोरीवर वाळत घातलेला पांढरा युनिफॉर्म संध्याकाळपर्यंत गुलाबी व्हायचा आणि आई मायनिंगवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तर असा ओअर बघायला मी पैसे खर्चून अमेरिकेत जाईन असं कोणी सांगितलं असतं तर हसले असते.

पहिला दिवस, गुरुवार

मिनियापोलिसहून अडीचशे किलोमीटर, अडीच-पावणेतीन तास. रस्ता आय-३५, जो टेक्ससमध्ये मेक्सिकोच्या सीमेवर लारेडोला सुरू होतो आणि डुलुथला येऊन संपतो. दोन तास नुसती सपाट शेतं आणि मग झाडी, मी पेंगत होते, तेवढ्यात अर्णव (भाचा, वय नऊ) ओरडला "आत्या, आत्या, आता बघ!" गाडी एका डोंगराच्या कडेवर आली आणि खाली एकदम सगळं उघडलं. बंदर, पूल, धक्के, आणि त्यापलीकडे पाणी, नुसतं पाणी. उजवीकडे विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याची अंधुक रेघ, बाकी आभाळाला टेकलेलं निळं. तलाव म्हणे!

हा लेक सुपीरियर. क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त, आणि गोव्याच्या भाषेत सांगायचं तर बावीस गोवे आत मावतील. खोली ४०६ मीटरपर्यंत. खाली उतरल्यावर मला सगळ्यात विचित्र काय वाटलं तर लाटा आहेत, सीगल आहेत, दीपस्तंभ आहेत, पण वास नाही. समुद्राचा तो खारट कुबट वास नाकाला अपेक्षित असतो आणि येतच नाही, टीव्हीचा आवाज बंद करून पिक्चर बघावा तसं काहीतरी.

गावाची रचना एका वाक्यात सांगते: तलावाच्या काठाने चाळीसेक किलोमीटर लांब पसरलेलं आणि रुंदीला अगदीच बेताचं, पाठीशी थेट चढ. रस्ते असे उभे की आमच्या गाडीचं बॉनेट आभाळाकडे बघत होतं. काठ ते माथा उंचीत दोन-अडीचशे मीटरचा फरक. बर्फात इथे लोक गाडी कशी चालवतात हे विचारल्यावर हॉटेलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हळू." बस्स, एवढंच. वस्ती २०२० च्या जनगणनेत ८६ हजार ६९७. १९६० मध्ये लाखाच्या वर होती, मग पोलादाचा कारखाना बंद पडला, माणसं गेली, आणि तेव्हापासून आकडा तिथेच घुटमळतोय.

टीप म्हणा हवं तर: सप्टेंबरातही जाड जॅकेट ठेवा. गाडीतल्या थर्मामीटरवर डोंगरावर २३ डिग्री होतं, खाली पाण्याशी पोचेपर्यंत १४. हवामानाच्या बातमीत इथे 'कूलर बाय द लेक' हे पालुपद वर्षभर चालतं. मी कॉटनच्या कुर्त्यात उतरले आणि पहिली खरेदी स्वेटशर्ट झाली. (मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, तेवढंच समाधान.)

संध्याकाळी कॅनाल पार्कला गेलो. १८७१ साली खोदलेला कालवा, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे लांब धक्के, आणि वर तो प्रसिद्ध एरियल लिफ्ट ब्रिज. १९०५ मध्ये बांधला तेव्हा हा पूल नव्हताच मुळी, वर आडवा सांगाडा आणि त्याला लटकणारा एक मोठा पाळणा, त्यात माणसं, घोडागाड्या भरून इकडून तिकडे न्यायचे. १९३० पर्यंत त्याचा आताचा उचलता पूल केला. बोट आली की अख्खा रस्ता १३५ फूट वर जातो, लिफ्टसारखा सरळ, मिनिट-दीड मिनिटात.

आम्ही आइस्क्रीम खात होतो आणि अचानक माणसं पळायला लागली. खरंच पळायला. रेस्टॉरंटमधून हातात नॅपकिन घेऊन, बाबागाड्या ढकलत, एक बाई तर कुत्र्याला काखेत मारून. मला वाटलं कोणी पाण्यात पडलं. केदार म्हणाला, "बोट येतेय."

धक्क्यावर एक आजोबा उभे होते, डोक्याला कॅप, छातीवर लटकवलेला रेडिओ, हातात फोनवर जहाजांचा नकाशा. सत्तरी पार असावी. मी सहज विचारलं हे जहाज कुठून येतंय, तर म्हणाले, "इथे शिप म्हणायचं नाही. बोट. तलावावरची ती बोट, समुद्रावरून येते ती सॉल्टी." मी खूश. कारण आमची आजी पण मुंबई-पणजी आगबोटीला आयुष्यभर बोटच म्हणायची, "बोटीने आले" म्हणायची, आणि कॉलेजातले मामा तिला सुधारत बसायचे की आई, शिप म्हण. आजी डुलुथमध्ये एकदम फिट बसली असती.

तर बोट आली. हजार फूट लांब, १०५ फूट रुंद, आणि कालवा ३०० फुटांचा. लांबून खेळण्याएवढी दिसत होती ती जवळ आली तेव्हा समोर पाच मजली भिंतच सरकत गेली, आणि आवाज जवळजवळ नाही, नुसती पायाखालच्या काँक्रीटमध्ये थरथर. मग भोंगा. तीन लांब, दोन आखूड. पोटात घुमला. पुलाने त्याच चालीत उत्तर दिलं. ही सलामी. डेकवर नारिंगी जाकिटातला एक पोरगा उभा होता, त्याने हात हलवला आणि धक्क्यावरच्या दोन-तीनशे माणसांनी हात हलवले, मी पण, आइस्क्रीमसकट. अशा हजारफुटी बोटी एकूण १३ आहेत, आणि नायगाराला वळसा घालणाऱ्या वेलंड कालव्याच्या लॉकमध्ये (पाणी वर-खाली करून बोटी चढवायच्या-उतरवायच्या कुंडांत) त्या मावत नाहीत, म्हणजे समुद्र त्यांनी कधी बघायचाच नाही. वरच्या तलावांतच फेऱ्या मारत राहायच्या.

वास्कोत शाळेच्या खिडकीतून आम्हाला रोज ओअरच्या बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, दिसायच्या. एकदाही कोणी हात हलवल्याचं आठवत नाही.

मी व्हिडिओ काढला, बाबांना पाठवला. नेमकं त्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालेलं, स्क्रीन बघायला बंदी, त्यामुळे तो तसाच पडून राहिला.

बोटींच्या वेळा कुठे कळतात: पुलाशेजारीच मॅरिटाइम व्हिजिटर सेंटर आहे, फुकट, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींची यादी लावतात. पण यादीवर भरवसा ठेवून जेवायला बसू नका, वेळ तासाभराने सहज मागेपुढे होते. जानेवारीच्या मध्यापासून २५ मार्चपर्यंत सू इथले, या तलावातून खालच्या तलावांत जायच्या वाटेवरचे, लॉक बंद असतात, तेव्हा बोटींसाठी जाणार असाल तर तो काळ सोडा.

दुसरा दिवस, शुक्रवार

धुकं. खिडकीतून समोरचं पार्किंग दिसेना. ठरलं होतं हॉक रिज, गावाच्या पूर्वेची टेकडी, जिथे सप्टेंबरात शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर दिसतं. गंमत अशी की कॅनडातून दक्षिणेला निघालेले ससाणे, घारी, गरुड एवढं मोठं पाणी ओलांडायला कचरतात, पाण्यावर गरम हवेचे झोत मिळत नाहीत ना, मग ते काठाकाठाने सरकत तलावाच्या टोकाशी येतात, आणि टोकाशी आहे डुलुथ. १५ सप्टेंबर २००३ ला एका दिवसात इथे एक लाखाहून जास्त ब्रॉड-विंग्ड हॉक मोजले गेले होते. आम्ही गेलो तेव्हा मोजणाऱ्या मुलीच्या फळ्यावर सगळे शून्य होते आणि ती थर्मासमधून कॉफी पीत होती. "पूर्वेचा वारा," ती म्हणाली, "रविवारी या. शनिवारी रात्री थंड हवेचा फ्रंट जाईल, वारा वायव्येचा होईल." आमच्याकडे कोळी सांगतात तसं, अगदी घड्याळ लावून.

मग गावात उतरलो. फर्स्ट स्ट्रीट आणि सेकंड अव्हेन्यू ईस्टच्या कोपऱ्यावर एक स्मारक आहे, ते बघायचंच असं सायलीने (भावजय) ठरवलं होतं. १५ जून १९२० ला या गावात जमावाने तुरुंग फोडून तीन काळ्या तरुणांना बाहेर काढलं आणि समोरच्या कोपऱ्यावर खांबाला फाशी दिली. एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मगी. सर्कशीत काम करणारी पोरं, विशीच्या आसपासची. बलात्काराचा खोटा आळ. जमाव हजारोंचा होता, आणि नंतर त्या फोटोची पोस्टकार्डं विकली गेली. कबरींवर नावाचे दगड बसायला १९९१ उजाडलं, स्मारक झालं २००३ मध्ये. भिंतीतून पुढे आलेल्या तीन कांस्यमूर्ती आहेत, धुक्याचं पाणी त्यांच्या चेहऱ्यावरून ओघळत होतं. अर्णवने विचारलं, "पोलीस कुठे होते?" सायलीने त्याला खरं ते सांगितलं, की होते, पण गोळी चालवायची नाही असा हुकूम होता. तो पुढचा अर्धा तास गप्प होता.

दक्षिणेत असं व्हायचं एवढंच आपण वाचलेलं असतं. हे कॅनडाच्या सीमेजवळचं, नॉर्वे-स्वीडन-फिनलंडहून आलेल्या लोकांचं, अतिशय गोड बोलणारं गाव आहे. ते डोक्यातून जात नाही.

दुपारी ग्लेनशीन, खाणींच्या धंद्यात पैसा केलेल्या चेस्टर काँग्डन नावाच्या वकिलाचा वाडा, १९०५ ते १९०८ मध्ये बांधलेला, ३९ खोल्या. सुंदर आहे, लाकूडकाम बघत राहावं असं, पण मला दीड तासात कंटाळा आला. १९७७ मध्ये इथे घराच्या मालकीणबाईंचा आणि त्यांच्या नर्सचा खून झाला होता, आणि टूरमधली निम्मी माणसं त्यासाठीच आलेली हे सरळ दिसत होतं. वेळ कमी असेल तर आतली टूर सोडा, बाहेरची बाग आणि तलावाचा काठ बघा.

संध्याकाळ मात्र अफलातून गेली. सायलीच्या ऑफिसातली एक मैत्रीण मूळची इथली, आजी-आजोबा फिनलंडचे, तिच्या आईवडिलांकडे जेवायला बोलावलं होतं. परसात लाकडी खोली. मी म्हटलं "अच्छा, सॉना!" तर तिचे वडील एकदम गंभीर होऊन म्हणाले, "साउ-ना." आणि दोनदा म्हणवून घेतलं. आत ऐंशी डिग्री, तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफ अशी येते की कानाच्या पाळ्या आधी भाजतात. पाच मिनिटं बसले. केदार शूरपणे पंधरा मिनिटं बसला आणि बाहेर येऊन थंड पाण्याची बादली ओतून घेतली, तेव्हा जो आवाज काढला तो बोटीच्या भोंग्याला उत्तर म्हणून चालला असता.

जेवायला वाइल्ड राइसचं सूप. हा आपला तांदूळ नव्हे, तलावाच्या उथळ पाण्यात उगवणारं गवत, काळं लांब दाणं, शिजल्यावर उकलून आतून पांढरं दिसतं. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात, आणि आजही दोघं जण छोट्या होडीत बसून, एक होडी ढकलतो, दुसरा दोन काठ्यांनी कणसं वाकवून दाणे होडीत झोडतो. हंगाम नेमका ऑगस्टअखेर-सप्टेंबरचा, म्हणजे सूपातला तांदूळ ताजा होता. चव थोडी धुराची, थोडी भाजलेल्या नाचणीसारखी. दुकानात घेताना पाकिटावर हाताने काढलेला आहे का ते बघा, शेतात लावलेला स्वस्त मिळतो पण तो शिजायला जन्म घेतो आणि चवही नाही.

निघताना 'मिनेसोटा गुडबाय' अनुभवला. सोफ्यावरून उठून एकदा निरोप, मग दारात उभं राहून वीस मिनिटं, मग गाडीच्या काचेशी वाकून पुन्हा. मी केदारला म्हटलं यात मिनेसोटाचं काय आहे, आपल्या घरी "येते हं" म्हटल्यावर तासभर कोणी हलत नाही.

तिसरा दिवस, शनिवार

नॉर्थ शोअर. जाताना मोठ्या हायवेने न जाता काठाकाठाचा जुना रस्ता घ्या, वेळ थोडा जास्त लागतो पण खिडकीत सतत पाणी असतं. पहिला थांबा टू हार्बर्स, इथून १८८४ साली पहिला ओअर निघाला. धक्का म्हणजे पाण्यात घुसलेला एक प्रचंड उंच सांगाडा, वरून रेल्वेचे डबे येतात, खाली बोट लागते. धुक्यात त्याचं वरचं टोक दिसत नव्हतं.

इथला ओअर आमच्यासारखा लाल नाही याचं मला पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं. ते कोडं कालव्यावरच्या त्या आजोबांनी आधीच सोडवलं होतं. जाकिटाच्या खिशातून चार गोळ्या काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या, काबुली चण्याएवढ्या, करड्या, खरखरीत, आकाराच्या मानाने जड. टॅकोनाइट. उत्तरेच्या मेसाबी पट्ट्यातला चांगल्या प्रतीचा लाल ओअर दुसऱ्या महायुद्धात उपसून उपसून संपत आला, मग उरलेल्या कठीण दगडाकडे वळले, त्यात लोखंड पंचवीस-तीस टक्के. तो पिठासारखा दळायचा, लोहचुंबकाने लोखंड वेगळं काढायचं, मातीत कालवून गोळ्या वळायच्या आणि भाजायच्या. गोळीत लोखंड ६५ टक्क्यांच्या आसपास. खाण संपली म्हणून गाव उठून जाणार होतं ते या गोळ्यांनी तगलं. आमच्याकडे २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा मांडवीत ओळीने रिकाम्या उभ्या राहिलेल्या बार्ज आठवल्या.

पुढे गूजबेरी फॉल्स. स्टेट पार्कला गाडीचा परमिट लागतो, पण धबधब्याच्या व्हिजिटर सेंटरशी पार्किंग फुकट आहे. धबधबा बरा आहे, आंबोली बघितलेल्या माणसाला फार कौतुक नको. मला थांबवलं ते खडकाने. काळा, भोकाभोकाचा, थरांवर थर. अरे हा तर आपला सह्याद्री! आणि निघालाच तसा, लाव्हाचा बसॉल्ट. फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा ११० कोटींचा, तेव्हा हा खंड मधोमध फाटायला निघाला होता आणि फाटता फाटता थांबला. दगडातल्या भोकांमध्ये आपल्यासारखेच अकीक तयार झालेत, लाल-नारिंगी पट्ट्यांचे, आणि इथे लोक किनाऱ्यावर तासन्‌तास खाली मान घालून ते शोधत असतात. अर्णवला एक मिळाला, शेंगदाण्याएवढा. (पार्कच्या हद्दीतून दगड उचलायला मनाई आहे, हा बाहेरच्या किनाऱ्यावरचा.)

स्प्लिट रॉक दीपस्तंभाला पोचलो तेव्हा धुकं एवढं की तिकीट काढून आम्ही दीपस्तंभाच्या भिंतीला हात लावला तेव्हा तो आहे हे कळलं. हा बांधला १९१० मध्ये, १९०५ च्या नोव्हेंबरातल्या वादळामुळे. त्या वादळात मटाफा नावाची बोट डुलुथच्या त्याच कालव्यात शिरताना धक्क्यावर आपटली आणि काठापासून हाकेच्या अंतरावर रुतली. गावातली हजारो माणसं रात्रभर शेकोट्या पेटवून किनाऱ्यावर उभी होती, काही करता येत नव्हतं, आणि मागच्या भागातली नऊ माणसं थंडीने गेली. आपण जिथे आइस्क्रीम खात हात हलवत होतो तीच जागा. दर १० नोव्हेंबरला हा दिवा पुन्हा पेटवतात, १९७५ मध्ये डुलुथसमोरच्या सुपीरियर गावातून टॅकोनाइट भरून निघालेल्या आणि बुडालेल्या एडमंड फिट्झजेराल्ड बोटीसाठी. २९ माणसं होती, एकही वाचलं नाही.

चार वाजता धुकं वर गेलं, पडदा ओढावा तसं, आणि तो कडा, पिवळा दीपस्तंभ, खाली हिरवट निळं पाणी सगळं दहा मिनिटं दिसलं. नंतर पुन्हा बंद.

परतताना स्मोक्ड मासा घेतला, व्हाइटफिश, अख्खा, सोनेरी कातडीचा, कागदात गुंडाळून देतात. गाडीतच हाताने तोडून खाल्ला. सुक्या बांगड्याच्या धर्तीवर असेल वाटलं होतं पण हा ओलसर, लोण्यासारखा, काटा सहज निघतो. सोबत भात आणि सोलकढी असती तर मी परत आलेच नसते. गाडीला वास दोन दिवस राहतो, भाड्याची गाडी असेल तर विचार करा.

चौथा दिवस, रविवार

रात्री वारा फिरला. सकाळी कडकडीत थंडी, आभाळ धुतलेलं. आठलाच हॉक रिजवर. फळ्यावरचा आकडा चार आकडी झालेला, आणि तीच मुलगी आता कॉफीला हातही लावत नव्हती. आधी मला काहीच दिसेना. मग शेजारच्या बाईंनी माझी दुर्बीण धरून वळवली आणि दिसलं, उंच आभाळात शेकडो ठिपके गोल गोल फिरतायत, चुलीवर भात उकळताना शितं फिरतात तशी. याला ते केटलच म्हणतात, म्हणजे किटली, तेव्हा माझी उपमा फार चुकली नाही.

इथे पक्ष्यांना पायात कडी घालून सोडतात, आणि थोडी देणगी दिली तर एखादा पक्षी तुमच्या हातून सोडायला देतात. अर्णवच्या हातात आला शार्प-शिन्ड हॉक, आपल्या शिक्र्याचा चुलतभाऊ. कबुतराहून लहान. पाय काडेपेटीतल्या काडीसारखे, पिवळे, आणि डोळा असा की तुम्ही त्याचे गुन्हेगार आहात. मुलगी म्हणाली, हलकेच वर फेक. अर्णवने फेकला नाही, नुसती मूठ उघडली. क्षणभर पक्षी तसाच बसला, मग नाहीसा झाला. "आत्या, त्याचं हार्ट माझ्या बोटाला लागत होतं," एवढंच दिवसभर सांगत होता.

निघण्याआधी पार्क पॉइंट, पुलापलीकडची अकरा किलोमीटर लांब वाळूची पट्टी, दोन्हीकडे पाणी, मधोमध एक रस्ता आणि घरं. पाण्यात पाय घातला, दहा आकडे मोजेपर्यंत बधिर. सायलीला संध्याकाळी ऑफिसचा कॉल होता म्हणून वेळेत निघालो, आणि पुलाशी पोचलो तर घंटा वाजली, फाटक पडलं. गावकरी याला 'ब्रिज्ड होणं' म्हणतात, आणि उशिराचं कारण म्हणून ते शाळा-ऑफिसात चालतं म्हणे. पुढच्या गाडीतला माणूस इंजिन बंद करून खाली उतरला, बॉनेटला टेकून उभा राहिला. इथेच राहत असणार, रोज बघत असणार. तरी बोट गेली तेव्हा त्याने हात केला. सायलीचा कॉल गाडीतूनच झाला.

ऑक्टोबरात घरी आले. बाबांची पट्टी निघाली होती, डोळा नवाकोरा. टीव्हीला फोन जोडून तो पहिल्या दिवसाचा व्हिडिओ लावला, भोंगा, पूल, माणसं, सगळं. बाबांनी परत लाव म्हटलं. मग तिसऱ्यांदा, आणि मध्येच थांबवायला सांगून उठून टीव्हीजवळ गेले.

"रिकामी आहे की ही," म्हणाले. "किती वर तरंगतेय बघ. भरायला आलीय. भरून जाताना नाही का काढलास?"

मग त्या चार गोळ्या तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवत बसले, आणि आईला हाक मारून म्हणाले, "अगो, हे बघ, धूळच नाही याला."

आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "आता?"